प्रिय करारनाम्या, चहाच्या आधी ये

प्रिय करारनामा यास,



घरांच्या इंटिरिअरची कामं करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं मी तुला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. त्याबद्दल तुझी माफी मागायची आहे, आणि यापुढे तू कोणत्या रूपात यावंस तेही सांगायचं आहे. पत्र उघड लिहिते आहे, कारण घर लावायला काढलेल्या माणसांनी आणि माझ्या व्यवसायातल्या मंडळींनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

तुला बाहेर का ठेवलं, ते आधी सांगते. माझे आजोबा वाई तालुक्यातल्या एका गावात सुतार होते. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. बलुत्यात कोणतं काम धरलेलं आहे आणि कोणतं नाही, हे गावाला पाठ होतं. नव्या घराच्या चौकटी आणि दारं करायची तर त्याचा मोबदला वेगळा ठरे आणि त्याबद्दल कुणी हुज्जत घालत नसे. कागद नव्हता, पण सगळा गाव साक्षीला होता. मी वाढले ते या आठवणी ऐकत. त्यामुळे शब्द दिला की झालं, कागद मागणं म्हणजे समोरच्याला लबाड म्हणणं, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये साक्षीला गाव नसतो, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला सात वर्षं लागली.

ते लक्षात आलं 2009 साली. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, साडेआठशे चौरस फुटांचा. नवरा-बायको दोघंही निवृत्तीला आलेले शिक्षक. काकू माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या. पहिल्या भेटीत मी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलं. काकूंनी चहा आणि चकल्या आणून ठेवल्या. काकांनी विचारलं, “एकूण किती लागतील?” मी म्हटलं, “साधारण सहा लाखांपर्यंत जाईल.” मग काकू म्हणाल्या, “सगळ्या कपाटांवर माळे हवेत हं, आमचं सामान फार.” मी म्हटलं, “होऊन जाईल.”

मला म्हणायचं होतं, करता येईल. काकूंना ऐकू आलं, त्यातच बसेल. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत. पुढच्या तीन महिन्यांत मी हे शब्द आणखी चार वेळा बोलले. देवघर सागवानी हवं होतं, कपाटात तिजोरी हवी होती, बाल्कनीत बाक हवा होता, बाथरूमचं दार बदलायचं होतं. होऊन जाईल, होऊन जाईल. शेवटी हिशेब मांडला तेव्हा आकडा 8 लाख 10 हजारांवर गेला. काकांच्या मनात सहा लाख पक्के होते, माझं ‘साधारण’ त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला ‘साधारण’ नीट आठवत होतं आणि ‘होऊन जाईल’ मी पार विसरून गेले होते. काका हिशेबाच्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तू आम्हाला घरच्यासारखी होतीस.”

6 लाख 90 हजारांवर तो विषय मिटला. माझी फी गेली, आणि सुतार मिस्त्रींची 38 हजार रुपये मजुरी मी चार हप्त्यांत पदरची दिली. तो पैसा पुढच्या वर्षभरात भरून निघाला. आई मात्र भजनी मंडळात जायची थांबली ती थांबलीच. मी आजही सांगते, त्या प्रकरणात लबाड माणूस एकही नव्हता. दोन्हीकडे सरळ माणसं होती. त्यांच्या आठवणी वेगळ्या होत्या आणि स्पष्ट बोलायची भीड दोघांनाही वाटत होती. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ओळखीतल्या माणसापुढे पैशांचा विषय निघाला की तिचाच हात धरतो. काकांना वाटलं, दर वेळी किंमत कशी विचारायची. मला वाटलं, देवघराचे पैसे कसे सांगायचे. तू तिथे असतास तर आम्हा दोघांनाही जे बोलवेना ते तू बोलला असतास. माझ्या मते तुझं खरं काम तेच आहे. एकमेकांना मानणाऱ्या माणसांनी काम संपल्यावरही एकमेकांच्या घरी जावं, यासाठी तू आहेस.

काम उत्तम झालं की बाकी सगळं विसरलं जातं, असं माझ्या व्यवसायात पुष्कळ जण मानतात. त्यांना मी लंडनमधल्या एका जेवणघराची गोष्ट सांगते. लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलंड यानं 1876 साली आपल्या लंडनच्या घरात जेवणाची खोली सजवायला घेतली होती. खोलीचा आराखडा टॉमस जेकिल या वास्तुकाराचा. लेलंडकडे निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचा संग्रह होता, तो मांडण्यासाठी ही खोली होती. भिंतींना किमती नक्षीदार चामडं लावलेलं. चित्रकार जेम्स व्हिसलर त्याचा स्नेही, त्याचं एक चित्र तिथेच लागायचं होतं. दारांच्या आणि झडपांच्या रंगाबद्दल सल्ला द्या, एवढंच व्हिसलरला विचारलेलं. चामड्यावरची लाल फुलं चित्राशी विसंगत दिसतात म्हणून थोडा हात फिरवायला लेलंडनं होकार दिला आणि तो कामासाठी लिव्हरपूलला गेला. व्हिसलर मात्र थांबला नाही. त्यानं चामड्यासकट सगळी खोली निळ्या-हिरव्या रंगात बुडवली, वर सोनेरी मोर काढले आणि 2,000 गिनी मागितल्या. लेलंडनं 1,000 पौंड दिले. गिनीत 21 शिलिंग, पौंडात 20. कलावंताला गिनी आणि कारागिराला पौंड असा तिथला रिवाज होता, त्यामुळे निम्म्या रकमेपेक्षाही तो एक शिलिंग जास्त झोंबला. व्हिसलरनं उरलेल्या भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले आणि एका मोराच्या पायाशी नाणी विखरून ठेवली. त्या दोघांचं पुन्हा कधी जुळलं नाही.

ती खोली आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे, ‘पीकॉक रूम’ म्हणून जग ती बघायला जातं. लेलंडनंही ती पुसून टाकली नव्हती, तशीच ठेवली होती. म्हणजे काम अप्रतिम होतं आणि ते ग्राहकाला पटलंही असावं. स्नेह मात्र गेला. थोडा हात फिरवायचा म्हणजे किती, कोणत्या भिंतींवर आणि किती पैशांत, हे लिव्हरपूलला निघण्याआधी चार ओळींत लिहून घ्यायला हवं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं लंडन आणि 2009 चं कोथरूड यांत मला फार फरक दिसत नाही. तिथे व्हिसलर होता, इथे मी होते, आणि दोन्हीकडे मधल्या काळात वाढलेलं काम कागदावर नव्हतं.

कोथरूडच्या कामानंतर मी तुला आणलं, पण चुकीच्या पोशाखात. एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून चौदा पानी इंग्रजी मसुदा मिळवला आणि नाव-पत्ता बदलून वापरू लागले. ग्राहक शेवटच्या पानावर सही करत. कुणी वाचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काही कलमं मलाही कळत नव्हती. वाद झाला तर लवाद मी नेमणार, असंही त्यात होतं. पुढे कायदा जाणणाऱ्या एका मैत्रिणीनं ते कलम माझ्यासमोर ठेवलं. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकट्याला लवाद नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं आहे. आणि लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा ग्राहक आयोगात जायचा मार्ग बंद होत नाही, हे त्याच्या आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, स्पष्ट झालं आहे. म्हणजे माझं ते कलम नुसतंच भीती घालायला होतं. ज्या कागदानं भीड घालवायची, त्यानंच धाक घालावा, याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी तुला मराठीत लिहायला घेतलं. आज तू चार पानांचा आहेस.

त्या चार पानांत काय असतं ते इथे मांडते, कारण घर लावायला काढणाऱ्याला याचाच उपयोग होईल.

सगळ्यात आधी, मी कोण ते लिहिलेलं असतं. नुसतं डिझाइन आणि देखरेख माझी, ठेकेदार तुमचा, हा एक प्रकार. डिझाइनपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळं माझ्याकडे, ज्याला आम्ही टर्नकी म्हणतो, हा दुसरा. दोन्हींत जबाबदारी वेगळी, पैसे वेगळे. पहिल्या प्रकारात ठेकेदारानं काम बिघडवलं तर मी किती बांधील, हे तिथेच स्पष्ट करावं लागतं. आणि एक गोष्ट माझ्या व्यवसायात कुजबुजत बोलली जाते, ती मी मोठ्यानं बोलते. टाइल, हार्डवेअर, लाइटच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळतं. ग्राहकाकडून फी घ्यायची आणि त्याच्याच खरेदीवर त्याला न सांगता दुकानदाराकडूनही घ्यायचं, हे मला चुकीचं वाटतं. माझ्या करारात एक ओळ असते : दुकानदारानं दिलेली सूट ग्राहकाच्या बिलात दिसेल. ज्यांना कमिशन घ्यायचं असेल त्यांनी ते लिहून घ्यावं, म्हणजे ग्राहकाला ठरवता येईल.

मग येते कामांची यादी, आणि तिच्या शेजारी तेवढीच महत्त्वाची दुसरी यादी : यात काय नाही. राडारोडा खाली नेऊन टाकण्याचा खर्च, सोसायटीचं डिपॉझिट, एसीचे पाइप, पडदे, शेवटची साफसफाई, विजेचा भार वाढवून घेणं. आणि जीएसटी. दर ‘जीएसटी धरून’ की ‘जीएसटी वेगळा’, हे न लिहिल्यामुळे झालेली भांडणं मी पाहिली आहेत. 18 टक्के म्हणजे दहा लाखांवर 1 लाख 80 हजार. एका अख्ख्या किचनच्या ट्रॉल्यांचे पैसे.

मोजमापाचं एक उदाहरण बघ. बेडरूममधलं कपाट सात फूट रुंद, सात फूट उंच, त्यावर दोन फुटांचा माळा. दर 1,500 रुपये चौरस फूट. माळा वेगळा धरला तर कपाट 49 चौरस फूट, म्हणजे 73,500 रुपये. माळा धरून मोजलं तर 63 चौरस फूट, म्हणजे 94,500. कपाट तेच, दर तोच, आणि फरक 21,000 रुपयांचा. हातात टेप घेऊन दोघं उभे राहिले तर दोघांचंही मोजमाप बरोबर असतं. मोजायचं कसं तेवढं ठरलेलं नसतं. म्हणून माझ्या कागदावर आता प्रत्येक कपाटाचं छोटं रेखाचित्र असतं आणि काय मोजलं ते त्यावर बाणानं दाखवलेलं असतं. दर लिहिण्याआधी मोजण्याची रीत लिहावी, हे मी प्रत्येक नव्या डिझायनरला सांगते.

मालाचंही तसंच. ‘चांगल्या प्रतीचं प्लायवूड’ या शब्दांना काही अर्थ नाही. साध्या वापराच्या प्लायवूडचं भारतीय मानक आयएस 303 आणि मरीन प्लायचं आयएस 710. दुकानात नुसतं ‘सेव्हन टेन’ म्हटलं तरी कळतं. सिंकखालच्या कपाटाला 710 आणि बेडच्या पाठीला 303, अशी माझ्याकडे जागेनुसार यादी असते. सोबत जाडी किती मिलिमीटर, बिजागरी कोणत्या कंपनीची, लॅमिनेट किती जाड. ‘किंवा त्या तोडीचं’ हे शब्द लिहायचेच असतील तर त्या तोडीचं आहे की नाही ते कोण ठरवणार, हेही लिहावं. माझ्या करारात ते ग्राहक ठरवतो आणि माल साइटवर आला की शिक्का बघून पावतीवर सही करतो. प्लाय एकदा लॅमिनेटखाली गेलं की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. शिक्का बघायची वेळ ती एकच असते.

आता पैशांचं, आणि इथे मला तुझ्या वतीनं थोडं रागानं बोलायचं आहे. महाराष्ट्रात फ्लॅट विकत घेताना माणसाच्या पाठीशी कायदा उभा असतो. 1963 च्या मोफा कायद्यानं, करार करण्याआधी बिल्डरनं 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये असं घातलं होतं. रेरा कायदा आल्यावर ती मर्यादा 10 टक्क्यांवर आली. 2017 पासून महाराष्ट्राच्या रेरा नियमांत कराराचा नमुनाच छापलेला आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामात दोष निघाला तर बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, तोही 30 दिवसांत. हे सगळं चार भिंतींपुरतं. त्या भिंतींच्या आत तोच माणूस आणखी दहा-पंधरा लाख घालतो, बऱ्याचदा पर्सनल लोन काढून, आणि तिथे नमुना नाही, मर्यादा नाही, मुदत नाही. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला कायद्यानं काहीच लागत नाही. आमची संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स, त्याच 1972 सालची, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक. म्हणजे माझ्या आणि ग्राहकाच्या मध्ये दुसरं कुणी नाही, एकटा तू आहेस. तुझ्यात जे लिहिलं जाईल तेवढाच आमचा नियम.

म्हणून हप्ते कामाला बांधलेले असावेत, तारखांना नव्हे. माझ्याकडे सुरुवातीला 10 टक्के, मग माल साइटवर उतरला की, सांगाडे उभे राहिले की, लॅमिनेट आणि पॉलिश झालं की, असे टप्पे आहेत. शेवटचे 10 टक्के ग्राहकाकडेच राहतात, उणिवांची यादी संपेपर्यंत. अर्धी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला ग्राहकानं विचारावं की या पैशांत उद्या माझ्या घरात काय दिसेल. आणि ग्राहकांनाही सांगते, टप्पा पूर्ण झाला की त्याच आठवड्यात पैसे द्या. तुमचा हप्ता अडला की आधी मिस्त्रींची मजुरी अडते, आणि त्यांच्याकडे तुझ्यासारखा कागद नसतो. माझ्या करारात म्हणून एक कलम आहे की प्रत्येक हप्त्यातून आठ दिवसांत कारागिरांची मजुरी चुकती होईल. 2009 च्या त्या 38 हजारांनी ते मला शिकवलं.

मुदतीचं बोलायचं तर आपल्याकडे सगळी घरं पाडव्याला किंवा दसऱ्याला पूर्ण व्हायची असतात. मुहूर्त धरावा, पण तारखेसोबत कोणाच्या उशिराचे दिवस कोणाच्या खात्यात, हेही धरावं. लॅमिनेट निवडायला ग्राहकानं तीन आठवडे घेतले तर ते तीन आठवडे माझे नाहीत. माझे सुतार सांगून सवरून गावी गेले तर ते दिवस ग्राहकाचे नाहीत. भर पावसाळ्यात पॉलिश धरत नाही, पांढुरकं पडतं, हे मला आधीपासून माहीत असतं, तेव्हा ते कारण मी नंतर काढू नये. उशिराचा दंड लिहिला तरी भारतीय करार कायदा, जो 1872 पासून आपल्याला बांधून आहे, सांगतो की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, न्यायालय रास्त तेवढंच देईल. म्हणून मी अव्वाच्या सव्वा दंड लिहीत नाही. रोजचा छोटा आकडा लिहिते, आणि तो पाळते.

त्याच कायद्यानं तोंडी करारही करारच असतो. त्या हिशेबानं काकूंना दिलेलं ‘होऊन जाईल’ हेही वचनच होतं. पण ते कोणत्या अर्थानं दिलं, हे आम्हा दोघींनाही सिद्ध करता आलं नसतं. वाद झालाच तर ग्राहकाला निदान जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची आणि राहत्या जिल्ह्यात करता येते. माझे पैसे बुडाले तर मला मात्र दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो तो तुझाच : काय ठरलं होतं? म्हणून मुद्रांकाचा आळस करू नये. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांच्या कागदाची जागा 500 रुपयांनी घेतली आहे, मोठ्या रकमेच्या कामाला अधिक लागतं. मुद्रांक कमी पडला म्हणून तू खोटा ठरत नाहीस, पण फरक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात तुला बाहेर बसवतात.

काम अर्ध्यात सोडायची वेळ आली तर काय, हेही पहिल्याच दिवशी लिहावं. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाचं बोलू नये हे खरं, पण घराच्या बैठकीत ते बोलावं. झालेल्या टप्प्यांचे पैसे चुकते करायचे, साइटवरचा माल मोजून द्यायचा आणि ज्यांची फी मिळाली ती ड्रॉइंग ग्राहकाकडे सोपवायची, म्हणजे दुसरा डिझायनर काम पुढे नेऊ शकेल. ड्रॉइंगवरचा हक्क लेखी दिल्याशिवाय डिझायनरचाच राहतो, पण तो हक्क पुढे करून कुणाचं अर्धवट घर अडकवून ठेवणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.

आता तुझा जो भाग मला सगळ्यात प्रिय आहे तो सांगते. माझ्या प्रत्येक साइटवर एक डुप्लिकेट बुक असतं, कार्बन घालायचं, साधं. त्याला आम्ही बदलाची चिठ्ठी म्हणतो. त्यात तीन रकाने : काय बदललं, किती रुपये, किती दिवस. खाली दोन सह्या. परवा बाणेरच्या साइटवरचं बुक चाळत होते. प्लायच्या भुशानं पानं खरखरीत झालेली. चिठ्ठी क्रमांक 4 : मुलीच्या टेबलाला दोन खण वाढवले, अधिक 6,800 रुपये, अधिक 2 दिवस. चिठ्ठी क्रमांक 9 : हॉलमधलं फॉल्स सीलिंग रद्द, वजा 41,000 रुपये, वजा 4 दिवस. वजाची चिठ्ठी लिहिताना ग्राहकाच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो तो कोणत्याही थ्रीडी चित्रानं मिळत नाही. ग्राहक परगावी असला तर हाच मजकूर फोनवर जातो आणि ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत काम थांबतं.

आता तर मिस्त्रीच आम्हाला शिस्त लावतात. ग्राहकबाई साइटवर येऊन म्हणाल्या, “इथे अजून एक कप्पा टाका ना,” की ते करवत खाली ठेवतात आणि मला फोन करतात, “ताई, चिठ्ठी आली का? आली की कापतो.” माझ्या आजोबांचा गाव आठवतो मला अशा वेळी. काय धरलेलं आहे आणि काय वेगळं आहे, हे पुन्हा सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून तुझ्याकडे माझं मागणं थोडं आहे. ज्या भाषेत माणसं घराची स्वप्नं बोलतात त्या भाषेत तू लिहिला जा. शेवटच्या पानावरच्या सहीपुरता न येता पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचला जा, दोघं एका टेबलाशी बसलेले असताना. कुणाची बाजू घेऊ नकोस. ग्राहक पंचायतीनं, आमच्या संस्थेनं आणि शासनानं एकत्र बसून इंटिरिअरच्या कामासाठी तुझा एक मराठी नमुना छापावा, जसा फ्लॅटसाठी आहे, ही मागणी मी इथे जाहीरपणे करते. तोवर प्रत्येक डिझायनरनं आपला स्वतःचा लिहावा.

उद्या सकाळी अकरा वाजता एक तरुण जोडपं येणार आहे. वाकडला पहिलं घर घेतलं आहे, दोघांचं मिळून कर्ज आहे. ती मुलगी फोनवर म्हणाली, “ताई, बजेट कमी आहे, पण होऊन जाईल ना?” मी म्हटलं, “या, बसून लिहू.” चार पानं काढून ठेवली आहेत. दुसऱ्या पानावर ‘यात नाही’ या रकान्यात पाच ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, त्या त्यांनी स्वतःच्या हातानं भरायच्या. आणि शेवटचं कलम दर वेळचंच आहे : ‘काम चालू असताना कोणीही कोणालाही “होऊन जाईल” असं म्हटलं असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून त्याखाली दोघांची सही होईपर्यंत ठरलेलं नाही.’

कायद्याच्या भाषेत ते बसतं की नाही, मला फिकीर नाही. आमच्यापुरतं ते काकूंचं कलम आहे. ते वाचून झालं की मग मी चहाचं आधण ठेवीन.

तुझी,
एक इंटिरिअर डिझायनर,
पुणे